पैशाचं सोंग

एका डॉक्टरचं चित्र आहे. भोवती शिकाऊ मंडळी जमलेली, मधे डॉक्टरसाहेब. अशक्य म्हणून सगळ्यांनी सोडून दिलेली शस्त्रक्रिया आपण कशी बिनचूक पार पाडली, हे ते ऐटीत सांगताहेत. कुणीतरी चाचरत लक्षात आणून देतं, की पेशंट बाई तर गेली. डॉक्टरसाहेबांना त्याचं काहीच वाटत नाही. त्यांचा हिशेब सोपा आहे: शस्त्रक्रिया केली नसती, तर ती याहून जास्त मेली असती.

या डॉक्टरचं नाव रोबेर माकेर. दुसऱ्या चित्रात हाच इसम वकील असतो, तिसऱ्यात लग्नं जुळवणारा एजंट, आणखी कुठे बँकर, कुठे पेपरवाला. धंदे बदलतात, माणूस तोच. चित्रकार ओनोरे दोमिए. ऑगस्ट १८३६ ते नोव्हेंबर १८३८ या सव्वादोन वर्षांत पॅरिसच्या 'ल शारिवारी' या दैनिकात माकेरची अशी शंभर चित्रं छापून आली. आज मोठमोठ्या ग्रंथालयांनी त्यांचे स्कॅन फुकट पाहायला ठेवले आहेत. मी ती रात्री अंथरुणात पडून, दोन बोटांनी मोठी करकरून पाहिली. वर चित्र, खाली चार-सहा ओळींचा संवाद. फोनच्या चौकटीत इतकी चपखल बसतात की पहिला शब्द डोक्यात येतो तो 'मीम'.

पण मीम म्हणून मोकळं होता येत नाही. या चित्रांमागे एक बंदी आहे, तुरुंगवास आहे आणि एका घरात मारून टाकलेली माणसं आहेत. आणि गंमत म्हणजे ज्या राजाच्या कारकिर्दीत हे सगळं घडलं, तो राजा या मालिकेत कुठेच नाही. माझं म्हणणं असं, की राजा गाळावा लागला म्हणूनच ही चित्रं राजावरच्या आधीच्या सगळ्या चित्रांपेक्षा जास्त राजकीय झाली. हे मत काही सर्वमान्य नाही. बोदलेअरसारखा माणूस विरुद्ध बाजूला उभा आहे. त्यामुळे जरा मागून सुरुवात करावी लागेल.

जुलै १८३० मध्ये पॅरिसच्या रस्त्यांवर तीन दिवस लढाई झाली. दहावा चार्ल्स गादी सोडून पळाला आणि त्याचा नातलग लुई फिलिप राजा झाला. हा 'नागरिक राजा'. छत्री घेऊन रस्त्यानं चालणारा, भेटेल त्याच्याशी हात मिळवणारा. नव्या सनदेत स्पष्ट लिहिलं होतं, की सेन्सॉरशिप पुन्हा कधीही आणता येणार नाही. मत देण्याचा हक्क मात्र वर्षाला दोनशे फ्रँक थेट कर भरणाऱ्या पुरुषांनाच. सव्वातीन कोटींच्या देशात असे लोक दोन लाखांच्या आसपास. बॅरिकेडवर मेले कामगार आणि विद्यार्थी. देश मिळाला बँकवाल्यांना.

शार्ल फिलिपों हा माणूस त्याच वर्षी नोव्हेंबरात 'ला कारिकात्यूर' नावाचं साप्ताहिक काढतो आणि दोन वर्षांनी 'ल शारिवारी' हे दैनिक. शारिवारी म्हणजे गावातल्या नकोशा माणसाच्या दारासमोर पातेली, थाळ्या, डबे बडवत केलेला गोंगाट. आपल्याकडे शिमग्याला एखाद्याच्या नावानं बोंब ठोकतात, साधारण तोच मामला. (लंडनच्या 'पंच'नं १८४१ मध्ये स्वतःला 'लंडनचं शारिवारी' असं उपशीर्षक लावलं, आणि 'पंच'च्या धर्तीवर १८५४ मध्ये मुंबईत 'पारसी पंच' निघाला. आपल्याकडच्या व्यंगचित्राची एक मुळी अशी लंडनमार्गे पॅरिसला पोचते.)

फिलिपोंचं हत्यार होतं शिळाछाप. गुळगुळीत चुनखडीच्या दगडावर तेलकट खडूनं चित्र काढायचं, दगड ओला करायचा, त्यावर शाईचा रूळ फिरवायचा. पाणी आणि तेल एकमेकांना टाळतात, त्यामुळे शाई फक्त खडूच्या रेघांना धरते. तांब्यात किंवा लाकडात कोरत बसण्याची कटकट नाही. ताजी बातमी, ताजं चित्र. फिलिपोंच्या मेव्हण्याचं, ओबेरचं, चित्रांचं दुकान होतं. नवीन चित्रं त्याच्या काचेत लागायची. वर्गणी परवडत नसलेले लोक तिथे गर्दी करून फुकट पाहायचे. सरकारला खरी धास्ती या फुकट्यांची होती. पेपर वाचायला अक्षर लागतं आणि पैसे लागतात. काचेतलं चित्र पाहायला दोन्ही लागत नाही.

राजाचा चेहरा वर निमुळता, खाली गालांशी फुगलेला. १८३१ मध्ये फिलिपोंवर खटला झाला, कारण त्यानं राजाला गवंडी करून जुलै क्रांतीच्या घोषणांवर गिलावा फिरवताना दाखवलं होतं. कोर्टात त्यानं राजाच्या चेहऱ्याची चार रूपं पुढे केली. पहिलं हुबेहूब, दुसरं जरा सैल, तिसरं आणखी सैल, चौथं निव्वळ पेअरचं फळ. पहिलं गुन्हा असेल तर त्याच्यासारखं दिसणारं दुसरंही गुन्हा. मग तिसरंही, आणि मग बाजारातलं प्रत्येक पेअर पकडणार का, असा बचाव. बचाव बिनतोड होता, शिक्षा तरी झालीच: सहा महिने तुरुंग, दोन हजार फ्रँक दंड. फ्रेंच बोलीत पेअर म्हणजे मठ्ठ माणूस. पॅरिसच्या भिंतींवर पोरं खडूनं पेअर काढू लागली.

दोमिए तेव्हा तेवीस वर्षांचा. बाप काचा बसवणारा, कविता करायचा नाद लागून मार्सेयहून पॅरिसला आलेला. पोरानं आधी कोर्टाच्या बेलिफाकडे निरोप्याचं काम केलं, मग पुस्तकाच्या दुकानात. डिसेंबर १८३१ मध्ये त्यानं 'गार्गांतुआ' काढलं. राबेलेच्या कथेतल्या राक्षसासारखा राजा खुर्चीत बसलाय, त्याच्या तोंडाला लांब फळी टेकवलीय, त्या फळीवरून हमाल गरिबांकडून गोळा केलेल्या पैशांच्या पाट्या वर नेऊन त्याच्या घशात ओतताहेत. आणि खुर्चीच्या खालून, जिथून पडायचं तिथून, पदव्या आणि मानपत्रं पडताहेत. ती गोळा करायला बडे लोक टपलेले. या चित्राला सहा महिने तुरुंग आणि पाचशे फ्रँक दंड.

पेअरवर सगळे खूश असतात. कलेच्या इतिहासाच्या पुस्तकांत ते हमखास असतं. मला ते हुशार वाटतं, पण पातळ. पेअर सांगतं काय? राजा जाडा आहे, बावळट आहे, हसण्यासारखा आहे. म्हणजे हा जाऊन सडपातळ राजा आला की भागलं. 'गार्गांतुआ' त्याच्या पुढे जातं, कारण तिथे निदान रस्ता दिसतो: पैसा कुठून चढतो, कुठे जातो, काय होऊन बाहेर पडतो. पण तिथेही सगळं एका तोंडाशी येऊन थांबतं.

मग एप्रिल १८३४. पॅरिसमध्ये उठाव झाला. ट्रान्सनोनें रस्त्यावरच्या एका घरातून सैनिकांवर गोळी आली असं म्हणत सैन्य त्या घरात शिरलं आणि समोर सापडतील त्या रहिवाशांना मारत सुटलं. दोमिएच्या चित्रात एक खोली आहे. अंथरुण खाली ओढलं गेलंय. रात्रीच्या सदऱ्यातला माणूस पलंगाला टेकून पडलाय आणि त्याच्या अंगाखाली एक लहान मूल, डोक्यातून रक्त गेलेलं. डावीकडे अंधारात एक बाई. उजवीकडे कडेला फक्त एका म्हाताऱ्याचं डोकं. खाली रस्त्याचं नाव आणि तारीख, बस. विनोद नाही, राक्षस नाही, पेअर नाही. हे चित्र ज्या मासिक वर्गणीच्या योजनेत निघालं, ती फिलिपोंनं खटल्यांचे दंड भरण्यासाठीच सुरू केली होती. दंड भरण्यासाठी काढलेल्या चित्राच्या प्रती पोलिसांनी जप्त केल्या.

पुढच्या वर्षी २८ जुलैला राजा क्रांतीच्या वाढदिवसाच्या संचलनासाठी तांप्ल बुलव्हारवरून चालला होता. फिएस्की नावाच्या माणसानं खिडकीत पंचवीस बंदुकांच्या नळ्या एका चौकटीला बांधून ठेवल्या होत्या. एकदम बार उडाला. अठरा माणसं मेली. राजाला जेमतेम खरचटलं. सरकारला निमित्त मिळालं. 'ला कारिकात्यूर' ऑगस्टमध्येच बंद पडलं, आणि ९ सप्टेंबर १८३५ ला नवा कायदा आला: यापुढे कोणतंही चित्र, छाप किंवा चिन्ह सरकारची आधी परवानगी घेतल्याशिवाय प्रसिद्ध करायचं नाही. नाटकालाही तोच नियम.

मग सनदेतल्या वचनाचं काय? इथे न्यायमंत्री पेर्सिल यांनी जो युक्तिवाद केला, तो मला या सगळ्या गोष्टीतला सर्वांत महत्त्वाचा समीक्षेचा मजकूर वाटतो. सनद मतांना संरक्षण देते, असं ते म्हणाले. पण चित्र दाखवणं किंवा नाटक करणं म्हणजे जमलेल्या माणसांच्या डोळ्यांशी बोलणं. ते मत उरत नाही, ती कृती होते. म्हणून लेखाला आधीची तपासणी नको, चित्राला आणि रंगभूमीला हवी. चित्र आणि नाटक ही सख्खी भावंडं आहेत हे कलासमीक्षकांच्या आधी न्यायखात्यानं ओळखलं होतं!

आता त्याच बुलव्हारवर थोडं मागे जाऊ. तांप्ल बुलव्हार म्हणजे नाटकगृहांची रांग. तिथल्या मेलोड्रामांत रोज रात्री इतके खून पडायचे की लोक त्याला 'गुन्ह्याचा बुलव्हार' म्हणत. तिथे जुलै १८२३ मध्ये 'आद्रेची खाणावळ' हे नाटक लागलं. त्यात रोबेर माकेर हा तुरुंगातून पळालेला दरोडेखोर आणि बेर्त्रां हा त्याचा साथीदार. नाटक रडकं आणि टुकार. माकेरचं काम मिळालेला फ्रेदेरिक लमेत्र विशीतला नट. या भूमिकेत गंभीरपणे केलं तर आपलं हसं होणार हे त्याला कळलं, तेव्हा हसं आपणच करून घ्यावं असं त्यानं ठरवलं. असं सांगतात, की बुलव्हारवर त्याला एक माणूस दिसला होता: कधीकाळचे उंची कपडे चिंध्या होऊन अंगावर लोंबताहेत, आणि हा मोठ्या सरदाराच्या रुबाबात केक खातोय. लमेत्रनं तो रुबाब उचलला. चेपलेली टोपी, एका डोळ्यावर काळी पट्टी, हनुवटी गिळणारा गळपट्टा, ठिगळं लावलेली विजार, हातात दांडकं, आणि या सगळ्यावर एखाद्या उमरावाचा आब. प्रेक्षक वेडे झाले. (हे पाहायचं असेल तर मार्सेल कार्नेचा १९४५ चा 'ले झांफां द्यू पारादी' हा सिनेमा पाहा. त्यात पिएर ब्रासूरनं हाच लमेत्र रंगवलाय आणि या नाटकाची धुळवड कशी झाली तेही आहे.)

खलनायकाचा विदूषक झाला, इथपर्यंत ही नटाची गोष्ट. जून १८३४ मध्ये ती पुढे गेली. लमेत्रनं इतरांबरोबर बसून 'रोबेर माकेर' हे नवंच नाटक रचलं. आता माकेर दरोडे घालत नाही. तो कंपनी काढतो. कसली? चोरांपासून विमा देणारी. भागधारकांची सभा भरते, माकेर भाषण करतो, लाभांश का नाही हे इतक्या सफाईनं समजावतो की ज्यांचे पैसे गेले तेच टाळ्या वाजवतात. त्यांतल्या भोळ्या भागधारकाचं नाव गोगो. ते नाव पुढे फ्रेंच भाषेत 'सहज फसणारा' या अर्थानं रुळलं. शेवटी माकेर आणि बेर्त्रां फुग्यात बसून आकाशात पसार. ट्रान्सनोनेंला तेव्हा दोनच महिने झाले होते.

सप्टेंबरच्या कायद्यानं हे नाटक गेलं, राजाची चित्रंही गेली. आणि ऑगस्ट १८३६ मध्ये फिलिपोंला सुचलं: रंगमंचावर बंद झालेला माणूस कागदावर आणू. चित्र दोमिएचं, संवाद फिलिपोंचा. दोन बंद दारांच्या मधल्या फटीतून माकेर पुन्हा बाहेर आला. आधी तपासणी होतीच. पण तपासणाऱ्यांना यात राजा सापडेना.

आपल्याकडे म्हण आहे: सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही. माकेरचा सगळा उद्योग म्हणजे ही म्हण खोटी पाडणं. आणि तो मुहूर्तही तसाच होता. तेव्हाच्या फ्रेंच कायद्यात पूर्ण जॉइंट-स्टॉक कंपनीला सरकारची परवानगी लागायची. पण भाग विकून पैसे उभारणाऱ्या दुसऱ्या एका प्रकारच्या भागीदारीला ती लागत नव्हती. मग काय, कोळशाच्या खाणी, डांबर, वर्तमानपत्रं, कशाचेही शेअर निघू लागले. खाण असो वा नसो, माहितीपत्रक गुळगुळीत कागदावर. मालिका सुरू होण्याआधी दीड महिना एमिल द जिरार्दँनं 'ला प्रेस' हे जाहिरातींच्या जोरावर अर्ध्या वर्गणीत मिळणारं दैनिक काढलं होतं. माकेरच्या चित्रांत त्याच्यावरही नेम आहे. एका चित्रात माकेर जत्रेतल्या औषधविक्यासारखा ओरडून शेअर विकतोय आणि बेर्त्रां शेजारी मोठा ढोल बडवतोय. फंडिंगची घोषणा, लाँच इव्हेंट, मोटिव्हेशनल भाषण हे सगळं आपण पाहिलेलं आहे, त्यामुळे या चित्राला आपल्यासाठी तळटीप लागत नाही.

मालिकेतलं पहिलंच चित्र घ्या. माकेर बेर्त्रांला सांगतो, बँक काढू या, आणि भांडवलाचे आकडे असे फेकतो की शून्यं मोजता येऊ नयेत. बेर्त्रां विचारतो, पोलिसांचं काय? माकेरला त्याच्या बावळटपणाची कीव येते. लक्षाधीशाला कधी कुणी पकडतं का! हा प्रश्न राजाच्या जाड गालांविषयी नाही. कायदा कुणाला पकडतो आणि कुणाला पकडत नाही, याविषयी आहे. तुरुंगात जाऊन आलेल्या दोन माणसांनी तो छापलाय हे लक्षात ठेवलं की त्याची धार कळते.

चित्रकार म्हणून दोमिएनं काय केलं? त्यानं नट चितारला. माकेरच्या अंगावर डॉक्टरचा झगा असो की वकिलाचा, त्याची छाती पुढे, पोट पुढे, हात नेहमी काहीतरी समजावताना हवेत. बेर्त्रां काटकुळा, खांद्यात वाकलेला, हातपाय कुठे ठेवावेत ते न कळणारा. दोघं शेजारी उभे राहिले की संवाद न वाचताही कळतं कोण फसवतोय आणि कोण सामान उचलतोय. माझ्या मते बऱ्याच चित्रांत फिलिपोंचा मजकूर गरजेपेक्षा लांब आहे. आकृत्यांनी सांगून झालेलं तो पुन्हा सांगतो. आणि शंभर म्हणजे फार होतात. निम्मी चित्रं रतीब घातल्यासारखी आहेत: आज हा धंदा, उद्या तो. पण जी जमली आहेत त्यांत एक विलक्षण गोष्ट घडते. आपण चित्रात माणूस पाहत नाही, माणसाचं सोंग पाहतो. आणि थोड्या वेळानं डॉक्टर, वकील, संपादक हीच सोंगं वाटू लागतात. रंगमंचावरच्या पात्राशिवाय हे साधलं नसतं. राजाचं व्यंगचित्र मूळ माणसाकडे बोट दाखवतं. माकेरला मूळ माणूसच नाही. तो कुणाच्याही कोटात शिरू शकतो.

बोदलेअरला दोमिए फार थोर वाटायचा. फ्रेंच व्यंगचित्रकारांवरच्या १८५७ च्या लेखात त्यानं लिहिलं, की माकेरपासून व्यंगचित्रानं नवं वळण घेतलं, ते खास राजकीय उरलं नाही, सर्वच नागरिकांवरचं उपरोधिक भाष्य झालं आणि कादंबरीच्या प्रांतात शिरलं. कादंबरीचं निरीक्षण अचूक आहे. बाल्झाकची आठवण पानोपानी येते. 'राजकीय उरलं नाही' हे मात्र मला पटत नाही. जिथे मत देणारे दोन लाखच आहेत आणि ते पैशावर ठरतात, तिथे पैसा कसा होतो हे दाखवणं याहून राजकीय काय असणार? नोटरी, बँकर, वकील, पेपरमालक हेच तर ते मतदार. तेच खासदार, तेच मंत्री. त्या काळच्या एका वाचकाला हे बरोबर कळलं होतं. कार्ल मार्क्सनं १८५० मध्ये या राजवटीला फ्रान्सची संपत्ती लुटण्यासाठी काढलेली शेअर कंपनी म्हटलं आणि लुई फिलिपला गादीवर बसलेला रोबेर माकेर. पेअरनं राजाला फळ केलं होतं. माकेरनं सगळी राजवट एका भामट्याच्या कंपनीचं भागपत्रक करून टाकली.

पण मला या मालिकेविषयी एक अस्वस्थताही आहे, आणि ती दोमिएलाही असावी असं सुचवणारं एक चित्र मालिकेतच आहे. चित्रकार दोमिए आपल्या खोलीत बसलाय. एक सभ्य गृहस्थ भेटायला आलाय. अर्थात माकेर. तो मालिकेची तोंड भरून स्तुती करतो: व्यापारात, राजकारणात, कोर्टात, जिथे तिथे भरलेल्या लुच्च्यांचं काय हुबेहूब चित्र काढलंत! बदमाश तुमच्यावर जळत असतील, पण सज्जनांचा आदर तुम्ही मिळवलात. अजून सरकारी पदक कसं नाही दिलं तुम्हाला? लाजिरवाणी गोष्ट आहे!

हे चित्र पाहून मी फोन बाजूला ठेवला. 'शारिवारी' कोण विकत घ्यायचं? वर्गणी परवडणारे, म्हणजे ज्यांच्याकडे शेअर होते असे लोक. चित्रं लोकप्रिय झाली, मग त्यांच्या छोट्या आवृत्त्यांचं पुस्तक निघालं, तेही विकलं गेलं. प्रत्येक वाचक हसताना स्वतःला माकेरही समजत नाही आणि गोगोही. माकेर शेजारी असतो, गोगो मेव्हणा असतो. शिवाय माकेर आवडतो. तो चतुर आहे, थापा सुंदर मारतो, कधी हरत नाही. त्याच्यावर चिडण्यापेक्षा त्याच्यासारखं जमावं असं वाटणं जास्त सोपं. घोटाळेबाजांवरच्या वेब सिरीज पाहताना आपलं होतं तेच.

आणि या शंभर चित्रांत ट्रान्सनोनें रस्त्यावरची ती खोली कुठेच नाही. असू शकत नव्हती. माकेर ज्यांना फसवतो त्यांच्याकडे फसवण्याइतके पैसे असतात. ज्यांच्याकडे काहीच नव्हतं, त्यांना राजवटीनं वेगळ्या पद्धतीनं हाताळलं होतं, आणि ते दाखवायला सोंग उपयोगाचं नव्हतं. म्हणून दोमिएच्या या काळातल्या कामात मला दोन टोकं दिसतात: तो रात्रीच्या सदऱ्यातला मेलेला माणूस आणि हा कधीच न मरणारा भामटा. पहिलं चित्र मोठं आहे यात वाद नाही. पण सप्टेंबरनंतर ते काढता येणार नव्हतं.

राजवटीला शेवटपर्यंत चेहऱ्याचीच भीती वाटत राहिली. १४ मार्च १८४० ला बाल्झाकचं 'व्होत्रँ' हे नाटक लागलं. मुख्य भूमिकेत पुन्हा लमेत्र. एका प्रवेशात तो मेक्सिकन सेनापतीच्या वेशात आला आणि डोक्यावर केसांचा टोप होता तो थेट लुई फिलिपच्या झुलपासारखा. युवराज नाट्यगृहात होता. तो उठून गेला. दुसऱ्या दिवशी नाटकावर बंदी. केसांच्या एका टोपाला एक रात्र मिळाली. सगळ्या राजवटीचा हिशेब मांडणाऱ्या माकेरला परवानगीचा शिक्का घेऊन सव्वादोन वर्षं मिळाली होती.

फेब्रुवारी १८४८ मध्ये पुन्हा क्रांती झाली. लुई फिलिपनं गालमिश्या काढल्या, चष्मा लावला आणि 'मिस्टर स्मिथ' हे नाव घेऊन तो इंग्लंडला पळाला. शेवटी राजाला सोंग घ्यावं लागलंच, आणि ते अगदी साधं निघालं; लमेत्रनं इतकं फिकं सोंग कधी घेतलं नसतं.

छपाई पुन्हा मोकळी झाली. तेव्हा दोमिएनं तिसऱ्या प्रकारचं काहीतरी केलं. या वेळी त्यानं नटाकडून पात्र उसनं घेतलं नाही, स्वतःच घडवलं. नाव रातापॉयल. लुई नेपोलियनसाठी गल्लोगल्ली गर्दी जमवणारा, गरज पडली तर डोकी फोडणारा भाडोत्री गुंड. काटकुळं शरीर, घट्ट बटणं लावलेला झिजलेला कोट, साहेबांसारख्याच मिश्या आणि बोकडदाढी. टोपी मात्र ओळखीची, चेपलेली आणि तिरकी. हातातलं दांडकंही ओळखीचं. माकेर त्या दांडक्याला नुसता टेकायचा. रातापॉयल ते वापरणार हे त्याच्या उभं राहण्यातच दिसतं. शेअर विकून झाले होते, आता मतं गोळा करायची होती.

२ डिसेंबर १८५१ ला लुई नेपोलियननं सत्ता बळकावली आणि छापखान्यांवर पुन्हा कुलूप आलं. रातापॉयलची चित्रं थांबली. त्याचा जेमतेम दीड फुटाचा मातीचा पुतळा मात्र घरात होता. दोमिएच्या चरित्रकारानं लिहून ठेवलंय, की पोलीस येतील या धास्तीनं त्याची बायको तो पुतळा बाटलीच्या गवती वेष्टणात गुंडाळून घरात एका जागेवरून दुसऱ्या जागी हलवत असे. ब्राँझमध्ये तो ओतला गेला ते दोमिए गेल्यानंतर.